मांडीवरचा घट

पुरात घर सोडताना शहाणं माणूस काय उचलतं? आधारकार्ड उचलतं, पिठाचा डबा उचलतं, निदान म्हाताऱ्याच्या बीपीच्या गोळ्या तरी उचलतं. माझ्या सासूनं परडीभर माती उचलली.

नवरात्राची चौथी माळ होती. मी डबा भरत होते, कंपनीची बस गाठायची घाई. निरंजन, माझा नवरा, पहाटेच फर्स्ट शिफ्टला गेलेला. माझ्या लेकीची, दिव्याची, वेणी अर्धी घालून झालेली. आणि गल्लीच्या तोंडाशी कांद्याचा ट्रक थांबला, चाकणच्या बाजाराला निघालेला. गोण्यांवरनं दोन माणसं उतरताना दिसली. आधी मामा उतरले, म्हणजे माझे सासरे, दत्तोबा. मग वरून क्लीनरनं आणि खालून मामांनी धरून आत्यांना उतरवलं. आत्या म्हणजे सासू, कुसुमताई. सगळे धरायला धावत होते, पण बाईनं स्वतःचा एकही हात कुणाला दिला नाही. दोन्ही हातांत परडी होती. परडीत माती, मातीच्या मधोमध घट, घटावर विड्याची पानं आणि नारळ. वरनं पदर घेतलेला, तान्ह्या लेकरावर घेतात तसा.

गावाकडं सीना नदीला पूर आलाय, हे दोन दिवस मोबाइलवर बघत होतो. गावाला फोन लागत नव्हता. जीव टांगणीला लागलेला. आणि आता दोघं समोर जिवंत उभी, तर माझ्या तोंडून पहिलं काय निघावं?

"आत्या, हे काय आणलंय?"

"घट हाय," त्या म्हणाल्या. "पाण्यात सोडून येऊ का देवीला?"

लुगडं चिखलानं कडक झालेलं. मामा अनवाणी. त्यांचा सदरा भिजत घालायला घेतला तर खिशातून टीव्हीचा रिमोट निघाला.

"टीव्ही बंद करत हुतो," मामा ओशाळून म्हणाले. "तेवढ्यात उंबऱ्यावरनं पानी आत आलं. ऱ्हायला हातातच."

सातबारा, बँकेचं पुस्तक, माझ्या लग्नातले शालू, सगळं पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटी पाण्यात. यांनी आणलं काय, तर एकानं रिमोट आणि एकीनं माती. मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. खरं ते सांगते.

"ठेवा आता ते खाली. पाणी तापवते, अंघोळ करा."

"खाली न्हाई ठेवायचा." आत्या गोधड्यांच्या चळतीला टेकून बसल्या, परडी मांडीवर. "बसवलेला घट दसऱ्याबिगर हलवत न्हाईत. ठावं न्हाई का तुला?"

"मग हललाच की आता! परंड्याहून चाकणला आला."

"हलला न्हाई. पाटावरनं उचलला त्यो मांडीवर घेतला. शाळंच्या गच्चीवर मांडीवर, ट्रॅक्टरात मांडीवर, ट्रकात मांडीवर. कुठं टेकूच दिला न्हाई. टेकला न्हाई म्हंजे उठला न्हाई. आता टेकंल त्यो एकदाच. टेकंल तिथं दसऱ्यापत्तर बसंल."

"आणि दिवा?"

त्या खाली बघायला लागल्या. "दिवा इजला. लई वारं हुतं गं."

मी गॅसच्या टाकीशेजारचा कोपरा मोकळा केला, बादल्या बाहेर काढल्या. म्हटलं, टेकवा इथं एकदाचा, म्हणजे मी कामाला जाते. तर म्हणतात कशा, "ही जागा तुझी हाय का?"

"भाड्याची आहे."

"मग धनिनीला इचारून ये."

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्यासारख्यांचा देव गावाला असतो. इथं किती का वर्षं काढा, खोलीत भिंतीवर नुसता फोटो. घट गावाला, कुळाचार गावाला, नैवेद्यही गावालाच. इथली खोली म्हणजे दोन शिफ्टच्या मध्ये पाठ टेकायची जागा. या चाळीत बीडचे आहेत, लातूरचे आहेत, सातारचे आहेत. एकाच्याही खोलीत घट बसत नाही. त्यामुळं मालकिणीला जाऊन काय आणि कसं विचारायचं, हेच मला सुचेना.

विचारायला जावं लागलं नाही. शालनबाई आपल्या पायांनी आल्या. खोल्या त्यांच्या. पूर्वी इथं त्यांचा गोठा होता. ज्या वावरात त्यांची बाजरी व्हायची तिथं आता कंटेनर उभे असतात. गुडघ्यांचं दुखणं मोठं, तरी चाळीत नवी चप्पल दिसली की बाई हजर.

"कोन आलंय गं, करिष्मा?"

"सासू-सासरे, काकू. गावाला पूर..."

"बघितलं टीव्हीला. लई वाईट झालं बाई. च्या दिला का त्यास्नी?" असं म्हणत त्यांनी आत डोकावलं, आणि त्यांची मान तिथंच थांबली. "आन् ह्ये काय हाय?"

"घट हाय, ताई," आत्या म्हणाल्या. "दसऱ्यापत्तर टेकवाय जागा द्या. हातभर बास हाय."

शालनबाई एक पायरी मागं सरकल्या. "न्हाई. माझ्या जागंत न्हाई. मान्सं ऱ्हाऊ द्या चार दिस. चौघांची खोली ठरलीया, तुमी पाच झाला, तरी मी न्हाई म्हनत न्हाई. पर देव बसवायचा न्हाई."

"आमचा देव कुनाला काय करतोय?"

"करत न्हाई म्हनूनच तर! माझ्या भावाच्या जागंत भाडेकरूनं कोपऱ्यात देव मांडला. म्हनला, दोन दिसांची पूजा हाय. मग पत्रा आला, मग घंटा आली. आता भाऊ कोर्टात चकरा मारतोय आन् त्यो घंटा वाजवतोय. मान्साला उठीवता येतं बाई, देवाला कसा उठवायचा?" मग माझ्याकडं वळून बोट नाचवत म्हणाल्या, "ऐक गं. खोलीत न्हाई, वट्यावर न्हाई, नळापाशी न्हाई. कुठंबी टेकवायचा न्हाई. येकदा टेकला की मलाबी उचलता यायचा न्हाई. माझ्या घरात माझा घट बसलाय. ऐन नवरात्रात मला पापात पाडू नका."

गेल्या. मी दार लोटून घेतलं.

"आत्या, टेकवा गुपचूप. मी सांगत नाही, तुम्ही सांगू नका. वरनं चादर टाकू."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच पुरातून वाहत आलेय. "धनी नगं म्हनतोय तिथं देव बसवायचा? त्येला चोरी म्हनत्यात. चोरून ठिवलेल्या देवीपुढं हात जोडून काय मागू मी?"

काय करावं या बाईला! डोक्यात तिडीक गेली. सुपरवायझरचा फोन आला, करिष्मा, लाइनवर तुझी जागा रिकामी आहे, दुसरी पोरगी उभी करू का? म्हटलं, आजच्या दिवस करा. माझी थेरगावची बहीण निशिगंधा, तिला फोन केला. तिचा स्वतःचा फ्लॅट आहे, देव्हारा आहे, म्हटलं तिकडं टेकवू. ती आधी हळहळली, मग म्हणाली, "अगं, पण ह्यांच्या घराण्यात घट नाही बसत. आणि म्हातारी माणसं एकदा आली की... तू समजून घे." समजले. बहिणीचंच घर ते, काय बोलणार.

दुपारी आत्यांना घेऊन गावातल्या देवळात गेले. आत्या परडी पोटाशी धरून पुढं, मी मागं. पुजाऱ्यानं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"देवळात गावाचा घट बसलाय. दुसऱ्या गावचा कसा बसवू? गावकी मला विचारेल. तुम्ही असं करा, नदीला सोडून द्या. पुरानं नेलाच असता की."

"पुराच्या तोंडातनंच आनलाय," आत्या म्हणाल्या आणि वळल्या.

परतताना रस्ता तुंबलेला. कंटेनरमागं कंटेनर, मधल्या फटीतून दुचाक्या. आत्या परडी सारखी वर सावरत होत्या. एका मोटरसायकलवाल्यानं आमच्याजवळ गाडी हळू केली, खिशात हात घातला आणि परडीत नाणं टाकून नमस्कार करून गेला. नवरात्रात बाई परडी घेऊन उभी म्हणजे जोगवा मागतेय, असंच वाटणार कुणालाही. आत्या जागच्या जागी थिजल्या.

"काढ गं त्ये," त्या म्हणाल्या. हात मोकळे नव्हते, नाहीतर त्यांनीच काढलं असतं. "मागाय न्हाई आलाव आपुन. काढ."

मी नाणं काढलं. कुठं टाकावं कळेना, तसंच मुठीत धरून चालत राहिले.

चाळीत आलो तर नळापाशी बायका. शेजारची चिमाबाई, साताऱ्याकडची, तोंडाची फटकळ. "काय गं करिष्मा, पाहुणे किती दिवस? नाही, टाकी एकच आहे म्हणून विचारते. संडासलाही सकाळी रांग लागते. पुराचं ऐकून वाईट वाटतं गं, पण पाणी काय वाईट वाटून वाढत नाही." चौघी-पाचजणी हसल्या. दोन वर्षांमागं चिमाबाईचा दीर काम सुटून आला होता आणि सहा महिने राहिला, तेव्हा हिला टाकी आठवली नव्हती. तसं मी तोंडावर म्हटलं. मग हसणं बंद झालं.

आत्यांना मोरीकडं जायचं होतं. सकाळपासून दाबून धरलेलं. परडी कोण धरणार? चिमाबाईच पुढं झाली, कशीही असली तरी. पण आत्या म्हणाल्या, "घरच्याच मान्सानं घ्यायचा." मामा उठायला लागले तर, "तुमचे हात कापत्यात, नगं." राहिले मी. माझा उपास नाही, काही नाही. थंड पाणी अंगावर घेतलं, ओल्या केसांनी मांडी घालून बसले. आत्यांनी परडी माझ्या मांडीवर दिली.

आईशप्पथ, केवढं ओझं! भिजलेली माती, पाण्यानं भरलेला घट. पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. परडीच्या कडा मांडीत रुतल्या. ओल ड्रेसमधून आत आली. दोन दिवस ही बाई असं धरून बसलीय? वाकून बघितलं तर मातीतून कोंभ वर आलेले, पिवळट, सुईच्या टोकाएवढे. अंधारात पदराखाली वाढलेले.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. गावाकडचे हिंदुराव, आमचे बांधाशेजारी. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून दिव्यानं स्पीकरवर लावून त्यांच्याकडं दिला.

"दत्तोबा, पोचला का नीट?"

"पोचलाव. पानी उतरलं का? दोन दिसांनी येतोच माघारी."

"घर उभं हाय. मागची भिंत गेली. पर आज मी वावराकडं गेलतो..." हिंदुराव थांबले.

"सोयाबीन गेलं आसंल सगळं," मामा म्हणाले. "जाऊ दे. पुढच्या साली बगू."

"सोयाबीन काय घिऊन बसलास दत्तोबा! माती न्हाई ऱ्हायली. समदं खरडून न्हेलं. तुजं बी, माजं बी. खालचा मुरूम उघडा पडलाय. पाय ठिवला तर खडे टोचत्यात. हितं वावर हुतं म्हनून कुनाला सांगितलं तर पटायचं न्हाई."

पलीकडून हॅलो, हॅलो होत राहिलं. शेवटी दिव्यानं येऊन फोन बंद केला. आत्या दारात उभ्या होत्या, हात धुतलेले, ओले. त्यांनी सगळं ऐकलेलं. मामांनी हळूच मान वळवली आणि माझ्या मांडीकडं बघितलं.

"घटाला माती कुठनं आनलीस गं?"

"दरसालच्याच जागंवरनं," आत्या म्हणाल्या. "आंब्याखालच्या वावरातनं."

सकाळपासून मनात जिला मी नुसती माती म्हणत होते, ती माझ्या मांडीवर होती. पायाच्या मुंग्या डोक्यापर्यंत गेल्या तरी मी हलले नाही. आत्याच म्हणाल्या, दे आता, तुझे पाय मरतील. तेव्हा दिली.

संध्याकाळी निरंजन आला. आईच्या गळ्यात पडून रडला, ते बरं झालं. पण मालकिणीकडं चल म्हटलं तर म्हणतो, "तू बघ ना, तुझं आणि त्यांचं जमतं." पुरुषाची जात! मी एकटीच गेले. शालनबाई त्यांच्या घटापुढं वाती करत बसल्या होत्या.

"काकू, मी लिहून देते. दसऱ्याला उठवू. तुमच्या जागेवर आमचा हक्क नाही असं शंभर जणांपुढं बोलते."

"तू देशील गं लिहून. पर जायला त्यास्नी जागा ऱ्हायलीय का?" बाईनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. "जायला जागा हाय त्या मान्साचा शबुद खरा. आमची वावरं गेली तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. आमी गाव सोडलं न्हाई, समदी दुनिया आमच्या अंगावर चालून आली. उरलाय ह्यो गोठा आन् ह्यो वटा. त्यो मी जपनारच. तुजा राग न्हाई करिष्मा, पर न्हाई म्हंजे न्हाई."

चूक तरी कसं म्हणणार?

बाहेर ओट्यासमोर लाइट लावून पोरांची धावपळ. शालनबाईंचा मुलगा शेखर, त्याचं मित्रमंडळ आहे. भलामोठा फ्लेक्स लावलेला, 'मराठवाड्यातील पूरग्रस्त बांधवांना मदतीचा हात'. खाली ओळीनं फोटो, सगळ्यात मोठा शेखरचा. त्याची बायको पूनम बिचारी पोरींना घेऊन पिशव्या भरत होती. बिस्किटं, साड्या, तेल, मेणबत्त्या. मला बघून पूनमनं मान खाली घातली. घरातलं बोलणं तिनं ऐकलं असणार.

शेखरला मामा चाळीत दिसले तेव्हा त्याला कोण आनंद झाला! "काका, तुम्ही पूरग्रस्त? अहो मग आधी सांगायचं ना राव! सकाळी आमचा ट्रक तुमच्याकडंच निघतोय. पहिलं किट तुमच्या हातात देऊ. ट्रकला नारळ तुम्हीच फोडा."

"आमालाबी न्हेशील का रं त्यात?" मामांनी विचारलं.

मी दचकले. "मामा, कुठं जाता? घराला भिंत नाही."

"हितं टेकाय जागा न्हाई. तिथं निदान पाट हाय. त्येच्यावरच हुता, त्येच्यावरच बसंल. आपुन नुसतं फिरवून आनला म्हनायचं." मामा आत्यांकडं बघत म्हणाले. "काय गं?"

आत्यांनी मान हलवली. "चला. मला आता धरवना."

म्हणजे एवढ्यासाठी दोन म्हातारी माणसं पडक्या घरात, चिखलात, साप-विंचवात परत जाणार. दुपारपर्यंत हे कुणी मला सांगितलं असतं तर बरंच झालं म्हटलं असतं. आता तसं म्हणवेना. रात्री आत्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपल्या, परडी मांडीवर, आणि पडू नये म्हणून निरंजन बाजूला हात लावून बसला. तेवढं मात्र त्यानं केलं.

सकाळी पाचवी माळ. ट्रक ओट्याला लागलेला, हार घातलेला. सगळी आळी जमलेली. मामांनी निरंजनच्या जुन्या चपला घातलेल्या. मी पिशवीत भाकरी, चटणी, गोळ्या बांधून दिल्या. आत्या परडी पोटाशी धरून उभ्या. तोंडावर रात्रभराचं जागरण, ओठ पांढरे. शालनबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या. गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसता येत नाही. आत्या ओट्याच्या पायऱ्या चढल्या तशी त्यांची नजर परडीवर खिळली. नजर काढायला तयार नाहीत.

"या, काका, काकू, इकडं. फ्लेक्ससमोर." शेखरनं दोघांना उभं केलं. एक पोरगा मोबाइल धरून. "काका, हात पुढं. हां. काकू, तुम्ही पण धरा पिशवी."

"माजे हात मोकळे न्हाईत, बाबा."

"ते ठेवा की जरा खाली. एक मिनिटाचं काम."

"न्हाई ठेवता येत."

"शेखर," शालनबाई खुर्चीतून ओरडल्या, "खाली ठिवायचा न्हाई हां त्यो!"

"आई, एक मिनिट गं. फोटोत चेहरा झाकला जातोय नारळानं. द्या काकू, मी धरतो." असं म्हणून त्या बाबानं परडीची कड धरून ओढली.

आत्यांनी ती आणखी आवळली. पण हातांत जीव कुठं होता? तीन रात्री, तीन दिवस तेच हात. एक कोपर सुटलं. परडी कलंडली. घट मातीतून सरकला, पाणी काठावर आलं, नारळ घरंगळला. बायका "अगं आई गं!" म्हणून किंचाळल्या. मी पायऱ्यांखाली, लांब. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं फरशीवर जाताना मला दिसलं.

आणि शालनबाई खुर्चीतून उठल्या कधी, हेच कळलं नाही. ज्या बाईला खुर्चीतून उठताना भिंत धरावी लागते ती गुडघ्यांवर धाडकन पडली आणि दोन्ही हात परडीखाली घातले. पाणी त्यांच्या पदरावर सांडलं. घट वाचला. त्या तशाच मागं बसल्या, पाय पसरून, परडी मांडीवर.

मागं कुठंतरी कंटेनरचा हॉर्न वाजत होता.

"घ्या," शालनबाई धापा टाकत म्हणाल्या. "घ्या गं कुनीतरी. माजे गुडघे..."

आत्या पुढं आल्या, पण त्यांचे हात वरच उचलेनात. मामा हातातल्या पिशवीकडंच बघत राहिलेले. मग शालनबाईंनी माझ्याकडं बघितलं. काल मी धरला होता हे सगळ्या चाळीला माहीत होतं. मी घरची. चार पायऱ्या चढून घ्यायचं, की संपलं. घेतला असता तर ट्रकात चढवला असता.

मी जागची हलले नाही. हात मागं बांधले आणि उभी राहिले. दुष्टपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

"करिष्मा, घे की गं!"

"मी आज अंघोळ नाही केली, काकू," मी म्हटलं. केस ओले होते माझे. सगळ्यांना दिसत होते. चिमाबाईसुद्धा आकाशाकडं बघायला लागली. पूनम पुढं व्हायला लागली होती, तीही का कोण जाणे, दाराशीच थांबली.

शालनबाईंच्या कपाळावर घाम आला. परडीच्या कडा मांडीत रुतत असणार, मला माहीत होतं कशा रुततात ते. त्यांनी घट सरळ करायला मातीत बोटं घातली, ती तिथंच थांबली. त्यांनी चिमूटभर माती चोळून बघितली. शेतकऱ्याचीच बाई ती.

"काळी हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वावरातली?"

"व्हय," आत्या म्हणाल्या.

"आता तेवढीच हाय," मामा म्हणाले. "बाकीची गेली, बाई. समदी गेली."

शालनबाईंनी ती चिमूट परत घटाच्या बुडाशी दाबली. मग त्या शेखरवर कडाडल्या, "आता तरी फोटो काढायचा बंद कर मेल्या!" आणि कण्हत, एका हातावर भार देत, ओट्याच्या भिंतीकडं सरकल्या. कोपऱ्यात, जिथं ऊन-पाऊस लागत नाही, तिथं पदरानं फरशी पुसली. आणि परडी टेकवली. आपल्या हातानं.

"दसऱ्यापत्तर," त्या म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "समद्यांदेखत सांगते. दसऱ्याला उठंल त्यो उठंल. माज्या वट्यावर पत्रा न्हाई, घंटा न्हाई, काय न्हाई."

"व्हय ताई," आत्या म्हणाल्या. "व्हय."

तेव्हा मामा खाली बसले. पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाशेजारी. पूर आला तेव्हा ते रडले नव्हते, फोन आला तेव्हा रडले नव्हते. आता टोपी तोंडावर धरून हमसून हमसून रडायला लागले. "बसला गं कुसुम. घट बसला. हितं बसला. गाव सुटलं आता."

"आवो, रडू नका," शालनबाई म्हणाल्या. "दसऱ्यापत्तरच हाय न्हवं? मग न्या की तुमच्या गावाला."

"कुठं न्यायचा, बाई?" मामांनी टोपी बाजूला केली. "कशात न्यायचा? ही माती कुठल्या मातीत मिसळू?"

शेखरनं ड्रायव्हरला खूण केली. ट्रक हार हलवत, मामांना न घेता निघून गेला. निरंजन बापाजवळ जाऊन बसला. शालनबाई भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करत पूनमला काहीतरी सांगत होत्या, वात, तेल असं काहीतरी.

मी ओट्यावर गेले. आत्या घटाकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे हात अजून तसेच होते, पुढं, कोपरात वाकलेले, बोटं आखडलेली. मी ते दोन्ही धरले आणि हळूहळू खाली घेतले. गार पडले होते. चोळत राहिले.

"लई हलकं लागतंय गं, करिष्मा," त्या म्हणाल्या. "भ्या वाटतंय."